जास्तीचं वर्ष

मी विभागात सगळ्यांत नवी होते म्हणून ऑड बॅच माझ्याकडे आली. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राची व्याख्याता म्हणून नुकतीच रुजू झाले होते. वेळापत्रक लावणाऱ्या ज्येष्ठ सरांनी माझ्या नावापुढे दुपारचा एक तास लिहिला: पहिल्या एमबीबीएसला नापास झालेल्या मुलांचा. जागा म्हणजे हाडांच्या पेट्या ठेवलेली मागची खोली. त्यांच्यासाठी वेगळं शव नव्हतं. डिसेक्शन हॉलमध्ये नवी तुकडी टेबलाभोवती बसलेली असे आणि ही मुलं त्यांच्या खांद्यांवरून जे दिसेल ते बघत. हजेरीपटात त्यांची नावं शेवटी, दोन ओळी सोडून लिहिलेली असत. हॉलचे मामा सोडले तर त्यांना नावाने हाक मारणारं तिथे फारसं कुणी नव्हतं.

पुढे तीसेक वर्षं मी शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं ही मुलं माझ्याकडेच राहिली. सुरुवातीला गळ्यात पडली होती, नंतर मी ती मागून घेऊ लागले. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम ज्यांना पाच, सहा, कधी सात वर्षांत पुरा करावा लागला, अशा विद्यार्थ्यांबरोबर माझ्या नोकरीतला सर्वांत जिवंत काळ गेला. वैद्यकीय शिक्षण म्हटलं की आपण प्रवेशाबद्दल खूप बोलतो. नीटचे गुण, जागा, फी, कोटे. प्रवेश मिळाल्यानंतर मुलाला शिकायला किती वेळ लागतो, याबद्दल मात्र जवळजवळ काहीच बोलत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

ज्यांचा या जगाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पूर्वी मुख्य परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसे. पास झाला तर त्याचं दुसरं वर्ष आपल्या वर्गमित्रांच्या मागे अर्ध्या वर्षाने सुरू होई. तिथून पुढे त्याचं सगळंच अवेळी चाले. त्याची लेक्चर्स, वॉर्डातली पोस्टिंग्ज, परीक्षा, निकाल, काहीच कुणाबरोबर जुळत नसे. इंटर्नशिपसुद्धा अर्धं वर्ष उशिरा संपे आणि तिथे खरा घाव बसे. पदव्युत्तर प्रवेशासाठी इंटर्नशिप एका ठरावीक तारखेआधी पूर्ण व्हावी लागते. ती तारीख हुकली की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी शरीररचनाशास्त्रात थोड्या गुणांनी राहिलेल्या मुलाचे सहा महिने चोविसाव्या वर्षी अख्खं वर्ष होऊन परत येत. मधल्या काळात तो कितीही चांगला शिकला असला तरी.

माझं स्वतःचं पहिलं एमबीबीएस दीड वर्षाचं होतं. तीन टर्म. त्यातली पहिली टर्म कशी गेली ते मला अजून आठवतं, कारण त्या टर्ममध्ये न समजण्याची मुभा होती. मी मराठी माध्यमातून आले होते. चौरसियांच्या पुस्तकातलं एक पान वाचायला संध्याकाळ जायची. त्यातली अर्धी डिक्शनरीत आणि उरलेली ते वाक्य नेमकं कुठल्या बाजूबद्दल बोलतंय हे ठरवण्यात. 'मीडियल' म्हणजे शरीराच्या मध्याकडे, हे पाठ होतं. पण टेबलावर पालथं ठेवलेलं शव समोर आलं की डावं-उजवं उलटं व्हायचं. दिवाळीनंतर कधीतरी ते आपोआप सुटलं. बहुतेकांचं तसंच सुटायचं. पहिली टर्म भाषेला, दुसरी विषयाला आणि तिसरी परीक्षेला, अशी वाटणी कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेली नव्हती. ती होती मात्र.

१९९७ मध्ये मेडिकल कौन्सिलने पदवी अभ्यासक्रमाचे नवे नियम केले आणि पहिलं एमबीबीएस एका वर्षाचं झालं. एकूण कालावधी साडेचार वर्षंच राहिला; वाचलेले सहा महिने पुढे रुग्णालयातल्या शिक्षणाकडे गेले. हेतू चांगला होता. विद्यार्थी लवकर रुग्णांपर्यंत पोहोचावा, हे कुणाला नको असेल? शरीररचनाशास्त्राला ६५० तास दिले होते, शरीरक्रियाशास्त्राला ४८०, जीवरसायनशास्त्राला २४०. कागदावर ते पुरेसे दिसतात. पण एका वर्षात ते बसवताना जी गेली ती नेमकी पहिली टर्म. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, आश्रमशाळेतून, तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेल्या मुलाला रुळायला जो वेळ लागायचा तो आता कुठेच नव्हता. प्रवेशानंतर काही आठवड्यांतच पहिली पार्ट एंडिंग परीक्षा, लगेच दुसरी. शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेली मुलंही दमत, पण ती वाहत पुढे जात. ही मुलं तिथेच थांबत. वर्षाच्या शेवटी माझ्या मागच्या खोलीत जी मुलं येऊन बसत त्यांची शाळांची नावं वाचली की मला निराळं काही विचारावं लागत नसे.

त्यांच्यातला एक मुलगा सातपुड्यातल्या आश्रमशाळेतून आला होता. टेबलाशी उभा राहिला की त्याचा हात चुकत नसे. चिमट्याने नस उचलून धरायचा, ती कुठून आली, कुठे जाते ते बोटाने बरोबर दाखवायचा. व्हायव्हाला मात्र परीक्षकासमोर तोंड उघडत नव्हतं. परीक्षा इंग्रजीतून असते आणि ती तशीच असायला हवी, यावर माझं दुमत नाही. पुढे त्याला औषधांच्या संदर्भग्रंथांपासून न्यायालयातल्या साक्षीपर्यंत सगळं त्याच भाषेत करावं लागणार असतं. पण त्या भाषेपर्यंत पोहोचायचा रस्ता असायला हवा ना. आम्ही दोघांनी मिळून एक पद्धत बसवली. आधी तो मला सगळं मराठीत सांगायचा, त्याच्या बोलीतले शब्द मध्ये आले तरी चालायचे. मग तेच इंग्रजीत, वाक्य मोडकं असलं तरी. मग लिहून. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, न बघता.

मानेतून निघून काखेतून हातात उतरणारं नसांचं जाळं असतं, ब्रेकियल प्लेक्सस. विद्यार्थ्यांची ती पहिली मोठी धास्ती. पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर, मग हाताच्या नसा. आकृती सगळे पाठ करतात आणि महिन्याभरात विसरतात. नियमित तुकडीला ती एका लेक्चरमध्ये उरकावी लागे. ऑड बॅचकडे वेळ होता. मी त्यांना घेऊन बालरोग विभागात गेले. जन्मताना खांदा अडकून मानेला ताण बसलेलं एक तान्हं बाळ तिथे होतं. एक हात शरीराशी सैल, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. एर्ब्ज पाल्सी. वरच्या दोन मुळांना ताण बसला की नेमके कोणते स्नायू पडतात, आणि ते पडले की हात असाच का लोंबतो, हे त्या बाळाच्या आईसमोर, हळू आवाजात, आम्ही एकेक करून जुळवलं. आईला वाटलं मोठे डॉक्टर बघायला आलेत. मुलांनी तिला सांगितलं की आम्ही अजून शिकतोय. त्या दिवसानंतर त्या गटातल्या कुणालाही ती आकृती पाठ करावी लागली नाही.

पहिल्याच वर्षात विद्यार्थ्याला रुग्णापर्यंत नेण्याची ही रीत २०१९ पासून नव्या, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात अधिकृतपणे आली. मला तेव्हा फार आनंद झाला. पण आमच्या खोलीत ती त्याआधी शक्य झाली, कारण त्या मुलांकडे वेळ होता. सातपुड्यातला तो मुलगा पुढे दोनदा परीक्षेला बसून पास झाला. आज आपल्याच भागात वैद्यकीय अधिकारी आहे. अडलेल्या बाळंतपणात बाळाचा खांदा कसा सोडवायचा हे तो आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना शिकवतो, असं त्याने मला फोनवर सांगितलं होतं.

सगळ्यांची गोष्ट भाषेची नव्हती. काही वर्षं माझ्याकडे मुलींच्या वसतिगृहाचं काम होतं. तिथे एक तिसऱ्या वर्षाची मुलगी रात्री खोकायची. तिच्या खोलीतल्या मुलींनी मला सांगितलं, तिने स्वतः नाही. संध्याकाळी कणकण येत होती, वजन उतरलं होतं, आणि ती रोज सकाळी वॉर्डात पोस्टिंगला जात होती. एक्स-रे काढला तर छातीत एका बाजूला पाणी. क्षय. वॉर्डातूनच लागला असणार. आमच्याकडे दर काही वर्षांनी कुणाला ना कुणाला लागायचाच. उपचार सहा महिन्यांचे आणि निघून जाणारा आजार, पण सुरुवातीला विश्रांती हवी. तिला मी विचारलं, कळत नव्हतं का गं तुला? तिसऱ्या वर्षाला आहेस, ही लक्षणं तू रुग्णाच्या केसपेपरवर लिहितेस. ती म्हणाली, "मॅडम, कळत होतं. पण प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. आता सुट्टी घेतली तर डिटेन होईन."

तिने हिशेब केला होता. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०. कुठल्या पोस्टिंगचे किती दिवस झाले, किती चुकले तर चालतील, हे वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं. आजार लपवून ती वॉर्डात उभी राहत होती. तिथे दुबळ्या रुग्णांच्या खाटा होत्या, खोलीत दोन मैत्रिणी झोपत होत्या. आजारी पडलेल्या विद्यार्थ्याला सन्मानाने काही महिने थांबता येईल, आणि थांबल्यावर नेमकं जिथून सोडलं तिथून धरता येईल, अशी सोय नसली की शहाणी मुलगीसुद्धा असं वागते. तिला ताकीद देण्यात मला काही अर्थ दिसला नाही. मी तिच्या आईवडिलांना बोलावून घेतलं.

त्या मुलीचं शेवटी वर्ष गेलंच. महाविद्यालयाचं जे पत्र घरी गेलं त्यात विषय आणि हजेरीचे टक्के होते. आजाराचा उल्लेख नव्हता. गावात लोकांनी त्याचा अर्थ नापास असाच लावला. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला. वसतिगृहातली खोली नव्या यादीप्रमाणे दुसऱ्या कुणाला लागली. औषधं चालू असलेल्या मुलीला सामान उचलून बाहेर खोली बघावी लागली. ती बरी होऊन परतली तेव्हा तिच्या वर्गाची मुलं पुढे गेली होती आणि तिला तेच लेक्चर पहिल्यापासून ऐकायला बसवलं, जे तिने आधीच नीट ऐकलं होतं. चुकलेलं होतं ते वॉर्डातलं काम. ते मात्र तिला स्वतः एकेका युनिटच्या प्रमुखांकडे जाऊन मागून घ्यावं लागलं.

जास्तीच्या वेळाने मुलं मोडत नाहीत. तो वेळ ज्या पद्धतीने दिला जातो त्याने मोडतात. मला या सगळ्या वर्षांत हेच पुन्हा पुन्हा दिसत गेलं. रिकामे सहा महिने, खोलीत एकटं वाचन, मागच्या बाकावरची जागा, सणाला घरी न जाण्याची सबब. माझ्यासारखा एखादा तास सोडला तर त्या सहा महिन्यांत कुणी शिकवत नसे, कारण त्यांना शिकवणं बाकी कुणाच्याच वेळापत्रकात नसे. परीक्षेची संधी दिली जाई आणि तिलाच मदत समजलं जाई.

शस्त्रक्रिया विभागातले माझे एक सहकारी यावर माझ्याशी नेहमी भांडत. माणूस फार चांगला, हात सोन्याचा. त्यांचं म्हणणं, बाई, अपघातातला रक्तस्राव तुमच्या मुलासाठी सहा महिने थांबणार आहे का? ज्याला वेग झेपत नाही त्याने या पेशात येऊ नये. मला त्यांचा मुद्दा हलका वाटला नाही. रात्री तीन वाजता अपघात विभागात ज्याचे हात थरथरतात त्याच्यामुळे माणूस दगावू शकतो. पण तिथला वेग सरावातून येतो, आणि सरावाला वेळ लागतो. पहिल्या वर्षी जो उशिरा शिकला तो सातव्या वर्षी उशिरा हालचाल करतो, असं मी पाहिलेलं नाही. याउलट घाईने पुढे सरकलेली, गाइडमधून पाठ करून पास झालेली मुलं इंटर्नशिपला काखेत ताप मोजताना काखेतून काय जातं ते सांगू शकत नाहीत, हे त्या सरांनीच मला कितीदा त्राग्याने सांगितलं होतं. आमचं भांडण मिटलं नाही. पण पुढे त्यांनी आपल्या ओपीडीतले काही शनिवार माझ्या मुलांना दिले आणि गाठ कशी तपासायची ते स्वतः शिकवलं.

सगळेच टिकले असंही नाही. एक हुशार मुलगा होता, वडील डॉक्टर, घरचं नर्सिंग होम. तो नापास होत राहिला, आणि मागच्या खोलीत त्याच्याशी निवांत बोलताना कळलं की त्याला हे करायचंच नव्हतं. त्याने सोडलं. वडील माझ्यावर रागावले. मला मात्र वाटतं की ते सहा महिने त्याच्या कामी आले.

माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत शिकवते. तिच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की तिथल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या एका किंवा दोन वर्षांचे विषय विद्यार्थी जास्त वर्षांत वाटून घेऊ शकतो. कुणी आजारी असतं, कुणाला मूल झालेलं असतं, कुणाला शिकण्याची निराळी अडचण असते. नापास होण्याची वाट बघावी लागत नाही. डीनच्या कार्यालयाशी बसून आधीच ठरवतात की या वर्षी हे विषय, पुढच्या वर्षी ते. तिथेही चार वर्षांत पदवी घेणारे साधारण चार-पंचमांशांहून थोडे अधिकच असतात. सहा वर्षांपर्यंत मोजलं तर तो आकडा ९५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे मधल्या बऱ्याच जणांना फक्त आणखी थोडी वर्षं हवी असतात. तिथली फी, तिथली कर्जं, तो प्रश्न निराळा आणि भयंकर आहे. त्यांची सगळी व्यवस्था उचलून इथे आणावी असं मी म्हणत नाही.

आपल्याकडे वेळाचं काय होतं ते करोनात दिसलं. २०२० च्या तुकडीचे वर्ग फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाले आणि गेलेले महिने भरून काढण्यासाठी अभ्यासक्रम आक्रसून घेतला. त्या मुलांनी काय ओढलं ते आम्ही जवळून पाहिलं. वेळ कमी करायचा प्रसंग आला तेव्हा नियम किती झटकन वाकले! वेळ वाढवून देण्यासाठी तसे वाकलेले मी कधी पाहिले नाहीत.

नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२३ च्या नियमांनी ऑड बॅच बंद केली. पुरवणी परीक्षा आता मुख्य निकालानंतर काही आठवड्यांत होते. पास झालेला आपल्याच वर्गात परततो, न झालेला पुढच्या वर्षीच्या तुकडीत जातो. मला हा बदल मनापासून पटला. सहा महिन्यांचा तो ओसाड पट्टा गेला. मागे राहिलेल्या मुलाला आता पूर्ण वर्ष नियमित शिकवणी मिळते, टेबलापाशी जागा मिळते, हजेरीपटात सलग नाव येतं. धाकट्यांबरोबर बसायची लाज पहिले दोन महिने वाटते, मग जाते. उलट हाच मुलगा त्यांना टेबलावर नस शोधून देतो.

त्याच नियमांत आणखी दोन मर्यादा आहेत. पहिल्या वर्षाला चारच प्रयत्न, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम संपायला हवा. लोक त्यांच्याकडे धमकी म्हणून बघतात. मी ते वाचलं तेव्हा माझ्या मनात दुसरंच आलं. शिकण्याची साडेचार वर्षं, आणि मुदत नऊ. म्हणजे नियमानेच दुपटीपर्यंत जागा सोडली आहे. पण ती फक्त परीक्षेच्या प्रयत्नांसाठी. एखाद्या विषयात नापास झालेल्याला पुढच्या वेळी तेवढाच एक विषय द्यावा लागतो. म्हणजे विषय सुटे करून शिकणं आपल्याला चालतं, मात्र नापास झाल्यावर. आजारी मुलीने किंवा भाषेशी झगडणाऱ्या मुलाने सप्टेंबरमध्येच येऊन सांगितलं की यंदा मी शरीरक्रिया आणि जीवरसायन पुरं करतो, शरीररचना पुढच्या वर्षी देतो, तर त्यासाठी अर्जाचा नमुनाच नाही. माझी मागणी इतकीच आहे की तो नमुना असावा. विद्यार्थी, त्याचा मेंटॉर आणि विभागप्रमुख यांच्या सहीने, वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत, आणि गुणपत्रिकेवर त्याची खूण न उमटता. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात मी हे मांडलं. सदस्यांनी ऐकून घेतलं, काहींनी आस्थेने प्रश्नही विचारले. ते केंद्रीय नियमात बसत नाही, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

विभागप्रमुख झाल्यावर माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं. मागे राहणाऱ्या विद्यार्थ्याला जाणाऱ्या पत्राला दुसरं पान जोडलं. पहिल्या पानावर नियमाप्रमाणे विषय आणि टक्के. दुसऱ्यावर मराठीत, आईवडिलांना वाचता येईल असं: हजेरी का कमी पडली, आजार असल्यास विद्यार्थ्याच्या परवानगीने तो, पुढच्या वर्षात कोणत्या आठवड्यांत त्याने काय पुन्हा करायचं आणि काय करायची गरज नाही, डिसेक्शन हॉल संध्याकाळी कोणत्या दिवशी उघडा राहील, तिथे कोणते सर किंवा मॅडम असतील, वसतिगृहाच्या खोलीसाठी कुणाला भेटायचं. हे पान घेऊन पालक भेटायला येत तेव्हा बोलणं निराळं होई. एका वडिलांनी, कापूस उत्पादक शेतकरी होते, सगळं दोनदा वाचलं आणि विचारलं, म्हणजे पोरगं शिकतंय ना? मी म्हटलं, शिकतोय. मग ते मेसच्या पैशांकडे आणि भाड्याकडे वळले, आणि आम्ही तासभर त्याचाच हिशेब करत बसलो.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. नव्या विभागप्रमुखांनी ते पान चालू ठेवलं आहे, आणि शरीरक्रियाशास्त्राच्या विभागाला गळ घालून त्यांच्या प्रयोगशाळेच्या वेळाही त्यात घातल्या आहेत.